विश्लेषण : ‘सिस्टीम ॲडमिन’ व्हायचे तर प्रमाणपत्र कोणते? पवन मावळातील तरुणांपुढील पर्याय आणि सापळे

दहावी-बारावीनंतर ‘कॉम्प्युटरचा कोर्स’ करायचा हे पवनानगर परिसरातील अनेक घरांत ठरलेले असते. कोर्स कोणता आणि तो करून नोकरी कोणती, हे मात्र ठरलेले नसते. संगणक यंत्रणेची देखभाल करणाऱ्या ‘सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर’ या कामासाठी बाजारात डझनांनी प्रमाणपत्रे आहेत. काहींची मुदत वर्षभरात संपते, काही प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपन्यांनीच बंद केली, तर काहींना नोकरीच्या बाजारात फारशी किंमत नाही. चुकीची निवड केली तर घरातले हजारो रुपये आणि उमेदीचे एक वर्ष वाया जाते. म्हणून निवड कशी करावी, याचा हा आढावा.

सिस्टीम ॲडमिन नेमके काय करतो?

कार्यालय, कारखाना, बँक किंवा रुग्णालयातील संगणक, सर्व्हर, नेटवर्क आणि त्यावरील माहिती सुरळीत व सुरक्षित ठेवणे, हे सिस्टीम ॲडमिनचे काम. नवा कर्मचारी आला की त्याचे खाते उघडणे, तो गेला की ते त्याच दिवशी बंद करणे, रोजचा बॅकअप घेणे, तो खरोखर परत मिळवता येतो का हे तपासणे, सुरक्षेचे अपडेट टाकणे, सर्व्हरची डिस्क भरत आली असेल तर ती बंद पडण्याआधी ओळखणे, अशी ही कामे असतात. प्रोग्रामरचे काम सॉफ्टवेअर लिहिण्याचे, तर ॲडमिनचे काम ते रात्रंदिवस चालू ठेवण्याचे.

या क्षेत्रात प्रवेश बहुधा खालच्या पायरीवरून होतो. आधी ‘डेस्कटॉप सपोर्ट’ किंवा ‘फील्ड इंजिनीअर’, मग तक्रारी नोंदवून घेणारा ‘एल-१’, त्यानंतर प्रत्यक्ष दुरुस्ती करणारा ‘एल-२’ आणि शेवटी यंत्रणेची रचना ठरवणारा ‘एल-३’. कोणते प्रमाणपत्र घ्यावे, हे आपण यातील कोणत्या पायरीवर आहोत यावर अवलंबून असते. पहिल्या पायरीवरच्या मुलाने तिसऱ्या पायरीचे प्रमाणपत्र मिळवले तरी अनुभवाअभावी मुलाखतीत ते टिकत नाही.

हा प्रश्न आत्ताच महत्त्वाचा का?

गेल्या काही वर्षांतील घटनांनी या कामाचे मोल दाखवून दिले. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोज संगणक बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय तसा साधा होता. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून एक फाइल काढून टाकायची. पण असंख्य ठिकाणी ते एकेका संगणकासमोर बसून करावे लागले आणि ते करणारे हात सिस्टीम ॲडमिनचे होते.

पुण्याला तर याचा जुना अनुभव आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव करून सायबर चोरांनी ९४ कोटींहून अधिक रुपये लांबवले. त्यातील रक्कम २८ देशांतील एटीएममधून काढली गेली. जुलै २०२४ च्या अखेरीस ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या सेवा पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला, तेव्हा देशातील सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांची पेमेंट सेवा काही काळ तोडावी लागली होती. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी २०१८ पासून सायबर सुरक्षेचे निकष लागू केले आहेत. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. हे सारे करायला माणूस लागतो.

दुसरी बाजूही आहे. जुलै २०२५ मध्ये ‘टीसीएस’ने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि पुण्यासह देशभरातील आयटी कर्मचाऱ्यांत अस्वस्थता पसरली. पासवर्ड बदलून देणे, तक्रार योग्य विभागाकडे पाठवणे अशी ‘एल-१’ची कामे आता स्वयंचलित होत आहेत. म्हणजे यंत्रणा सांभाळणाऱ्या जाणत्या माणसाची गरज आहे. मात्र नुसत्या कागदी प्रमाणपत्राचा उपयोग कमी होत चालला आहे.

प्रमाणपत्रांचे प्रकार किती?

ढोबळमानाने तीन. पहिला प्रकार सरकारी किंवा सरकारशी संलग्न संस्थांच्या अभ्यासक्रमांचा. ‘एमकेसीएल’चा एमएस-सीआयटी, आयटीआयमधील ‘कोपा’ हा संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायकाचा ट्रेड, ‘नाइलिट’चे ‘ओ’ ते ‘सी’ स्तर आणि ‘सी-डॅक’चे पदव्युत्तर डिप्लोमा यात येतात.

दुसरा प्रकार कुठल्याही एका कंपनीच्या उत्पादनाशी न बांधलेल्या प्रमाणपत्रांचा. ‘कॉम्पटिया ए प्लस’ हे हार्डवेअर व सपोर्टचे आणि ‘एलपीआयसी-१’ हे लिनक्सचे प्रमाणपत्र ही त्याची उदाहरणे.

तिसरा प्रकार कंपन्यांच्या प्रमाणपत्रांचा. रेड हॅटचे ‘आरएचसीएसए’, सिस्कोचे ‘सीसीएनए’, मायक्रोसॉफ्टचे ‘अझ्युर ॲडमिनिस्ट्रेटर’ आणि ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची प्रमाणपत्रे या गटात मोडतात. भारतातील नोकरीच्या जाहिरातींत हीच नावे जास्त दिसतात. कारण उघड आहे. कंपनीने ज्याचा सर्व्हर विकत घेतला, तो चालवता येणारा माणूस तिला हवा असतो.

एमएस-सीआयटी पुरेसे आहे का?

नाही, पण निरुपयोगीही नाही. २००१ मध्ये सुरू झालेला हा अभ्यासक्रम संगणक साक्षरतेचा आहे. राज्य सरकारच्या अनेक पदांसाठी संगणक अर्हता म्हणून तो ग्राह्य धरला जातो. त्यामुळे शासकीय नोकरीची तयारी करणाऱ्याला तो लागतो. मात्र सर्व्हर, नेटवर्क किंवा बॅकअप हे त्याचे विषय नाहीत. ‘कॉम्प्युटर कोर्स झाला आहे’ असे सांगणारा मुलगा आणि ‘सर्व्हर सांभाळतो’ असे सांगणारा मुलगा यांत जे अंतर आहे, ते पुढच्या शिक्षणाने भरावे लागते.

‘कोपा’ हा ट्रेड दहावीनंतर करता येतो आणि त्याची राष्ट्रीय पातळीवरची मान्यता असते. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी मिळाली तर कारखान्यातील किंवा कार्यालयातील प्रत्यक्ष संगणक कक्ष पाहायला मिळतो. बारावी किंवा पदवीनंतर ‘नाइलिट’चा ‘ओ’ स्तर हाही पायाभरणीचा पर्याय आहे. या सर्वांचे स्वरूप पाया घालण्याचे आहे. त्यावर किमान एक तांत्रिक प्रमाणपत्र हवेच.

विंडोज की लिनक्स?

याचे उत्तर नोकरी कुठे करायची यावर आहे. तळेगाव, चाकण, भोसरी येथील कारखाने, शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, लोणावळ्यातील हॉटेले अशा ठिकाणी बहुतेक कर्मचाऱ्यांच्या टेबलावर विंडोज असते. तेथे ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’तील वापरकर्त्यांची खाती, सामाईक फोल्डर, प्रिंटर, ईमेल, हजेरीचे यंत्र, सीसीटीव्ही आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर सांभाळावे लागते. अशा ठिकाणी विंडोज सर्व्हर येणाऱ्याला लगेच काम मिळण्याची शक्यता जास्त.

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांत आणि डेटा सेंटरमध्ये मात्र लिनक्सशिवाय पान हलत नाही. क्लाउडवरील सर्व्हरही मोठ्या प्रमाणावर लिनक्सवर चालतात. तेथे ‘आरएचसीएसए’चे वजन आहे. त्याचे एक ठोस कारण म्हणजे परीक्षेची पद्धत. या परीक्षेत पर्यायांपुढे टिक करायची नसते. उमेदवारासमोर चालू यंत्रणा ठेवली जाते आणि ठरलेल्या वेळेत वापरकर्ते तयार करणे, डिस्कचे भाग पाडणे, विसरलेला मुख्य पासवर्ड बदलणे, सुरक्षेचे नियम लावणे अशी कामे करून दाखवावी लागतात. यंत्रणा पुन्हा सुरू केल्यावरही ती कामे टिकली पाहिजेत. ३०० पैकी २१० गुण मिळाले तर उत्तीर्ण. पाठांतर करून ही परीक्षा सुटत नाही, हे मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

पुढची पायरी ‘आरएचसीई’ची. तिच्यात आता ‘अँसिबल’ हे साधन वापरून एकाच वेळी अनेक सर्व्हरवर काम करण्याची चाचणी असते. एकेका सर्व्हरवर हाताने काम करणारा ॲडमिन मागे पडतो आहे, हाच याचा अर्थ.

सीसीएनएचे काय?

सिस्कोच्या या प्रमाणपत्राला पुणे परिसरात अनेक वर्षांपासून मागणी आहे. आयपी पत्ता, स्विच, राउटर, व्हीलॅन, वायफाय आणि नेटवर्क सुरक्षेची तत्त्वे त्यात येतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने जुन्या वेगवेगळ्या शाखा एकत्र करून एकच सीसीएनए परीक्षा ठेवली आणि त्यात स्वयंचलनाचा भागही घातला. परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर, अधिक कर.

सर्व्हरचा ॲडमिन व्हायचे असेल तर सीसीएनएची परीक्षा दिलीच पाहिजे असे नाही. त्याचा अभ्यास मात्र टाळता येत नाही. ‘सर्व्हर बंद आहे’ अशी तक्रार आल्यावर दोष सर्व्हरचा, केबलचा की डीएनएसचा, हे ओळखता आले नाही तर बाकीचे ज्ञान वाया जाते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनची क्लाउड सेवा अमेरिकेतील एका मोठ्या केंद्रातून विस्कळीत झाली आणि जगभरातील अनेक ॲप बंद पडली. त्याच्या मुळाशीही डीएनएस नोंदींचाच घोटाळा होता. ज्या कंपनीकडे जगातील निष्णात अभियंते आहेत, तिलाही मूलभूत गोष्ट अडवते. मग पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत डीएनएसवर प्रश्न का येतो, हे वेगळे सांगायला नको.

थेट क्लाउडपासून सुरुवात केली तर?

हा मोह सध्या सर्वांत मोठा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये अझ्युरचे ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र पुण्यात सुरू केले, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत. साहजिकच ‘क्लाउड’ हा शब्द क्लासच्या फलकांवर ठळक अक्षरात आला.

क्लाउडची पायाभूत प्रमाणपत्रे, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टची ‘एझेड-९००’, सोपी आणि तुलनेने स्वस्त आहेत. पण ती ओळख करून देणारी आहेत. त्यांच्या बळावर ॲडमिनची नोकरी मिळत नाही. खरी ॲडमिनची परीक्षा ‘एझेड-१०४’. ती द्यायला आधीचे कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. तरी नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम येत नसताना ती देणे म्हणजे चिखलणी न करता भात लावण्यासारखे आहे. रोप उभे राहते, पीक हाती येत नाही. क्लाउडमध्येही शेवटी सर्व्हर, डिस्क, नेटवर्क आणि वापरकर्ते हेच असते. फक्त यंत्र डोळ्यांसमोर नसते.

‘कुबरनेटिस’ची ‘सीकेए’ परीक्षाही प्रात्यक्षिक स्वरूपाची असून तिला चांगला मान आहे. पण ती दोन-तीन वर्षे लिनक्सवर काम केलेल्यांसाठी योग्य. पहिल्या प्रमाणपत्रासाठी नाही.

सी-डॅकचा डिप्लोमा कोणासाठी?

१९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचा आयटी पायाभूत सुविधा, यंत्रणा व सुरक्षा या विषयांवरचा पदव्युत्तर डिप्लोमा ‘डिटिस’ या नावाने ओळखला जातो. सुमारे सहा महिन्यांचा हा पूर्णवेळ अभ्यासक्रम असून ‘सी-कॅट’ या सामायिक प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. मुख्यतः अभियांत्रिकी पदवीधर, एमसीए आणि संबंधित विषयांतील एमएस्सी झालेल्यांसाठी तो आहे. शुल्क मोठे असते आणि दिवसभर वर्ग असल्याने नोकरी सांभाळून तो करता येत नाही. मात्र कॅम्पस मुलाखतींची व्यवस्था आणि नेटवर्क, लिनक्स, विंडोज, सुरक्षा हे सारे एकत्र शिकवण्याची पद्धत यामुळे पात्रता असलेल्यांनी खासगी क्लासची लाखभराची ‘पॅकेज’ घेण्याआधी हा पर्याय जरूर तपासावा.

प्रमाणपत्र शिळे होते का?

होते, आणि हीच गोष्ट क्लासच्या माहितीपत्रकात सहसा नसते. नव्वदच्या दशकात ‘नॉव्हेल’ कंपनीच्या ‘सीएनई’ प्रमाणपत्राला मोठा मान होता. कार्यालयांतून नॉव्हेलचे ‘नेटवेअर’ गेले आणि प्रमाणपत्राची किंमतही गेली. पुढे मायक्रोसॉफ्टचे ‘एमसीएसई’ घराघरांत पोहोचले. मायक्रोसॉफ्टने ‘एमसीएसए’ आणि ‘एमसीएसई’च्या परीक्षा ३१ जानेवारी २०२१ रोजी कायमच्या बंद केल्या. आजही कोणी ‘एमसीएसई कोर्स’ विकत असेल तर त्या नावाची परीक्षा देता येणार नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

चालू प्रमाणपत्रांनाही मुदत असते. आरएचसीएसए, सीसीएनए, ए प्लस आणि ॲमेझॉनची सहयोगी स्तरावरची प्रमाणपत्रे तीन वर्षे चालतात. एलपीआयसी-१ पाच वर्षे, सीकेए दोन वर्षे. मायक्रोसॉफ्टच्या एझेड-१०४ची मुदत एकच वर्ष आहे, पण मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत ऑनलाइन चाचणी देऊन ते मोफत वाढवता येते. हे विसरले तर पुन्हा पैसे भरून पूर्ण परीक्षा द्यावी लागते. म्हणून शेवटच्या सत्राची परीक्षा तोंडावर असताना आणि नोकरीचा शोध वर्षभर लांब असताना प्रमाणपत्र मिळवण्याची घाई करू नये. नोकरीच्या शोधाआधी तीन-चार महिने ही परीक्षेची योग्य वेळ.

तंत्रज्ञानाच्या मालकीचाही परिणाम होतो. रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये मोफत ‘सेंटओएस लिनक्स’ची जुनी वाट बंद करत असल्याचे जाहीर केले आणि ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा आधारही संपला. लाखो सर्व्हर ‘रॉकी’, ‘अल्मा’ किंवा अन्य लिनक्सवर न्यावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘ब्रॉडकॉम’ने ‘व्हीएमवेअर’ विकत घेऊन परवान्यांची पद्धतच बदलली, तेव्हा अनेक संस्थांनी पर्याय शोधायला सुरुवात केली. ज्यांना फक्त एका उत्पादनाची बटणे ठाऊक होती, त्यांची अडचण झाली. ज्यांना मागचे तत्त्व ठाऊक होते, त्यांच्यासाठी हे स्थलांतर हेच नवे काम ठरले.

खर्च कुठे वाचवता येतो?

परीक्षेचे शुल्क आणि शिकवणीचे शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लास पैसे घेतो ते बहुधा शिकवणीचे. परीक्षेचे शुल्क त्यात धरले आहे का, हे लेखी विचारावे. सिस्कोची ३०० डॉलरची, ॲमेझॉनची सहयोगी स्तरावरील १५० डॉलरची परीक्षा अशा दरांवर कर वेगळा पडतो. मायक्रोसॉफ्टचे दर देशानुसार ठरतात व भारतात ते अमेरिकेपेक्षा कमी असतात. ए प्लसला मात्र दोन परीक्षा आणि दोन शुल्के आहेत, त्यामुळे भारतातील नवशिक्याला ते महाग पडते.

शिकण्याचे साहित्य मोठ्या प्रमाणावर मोफत आहे. ‘मायक्रोसॉफ्ट लर्न’वरील धडे मोफत आहेत. सिस्कोच्या ‘नेटवर्किंग ॲकॅडमी’त नाव नोंदवले की ‘पॅकेट ट्रेसर’ हे साधन मिळते आणि राउटर विकत न घेता नेटवर्क जोडून पाहता येते. रेड हॅट वैयक्तिक शिक्षणासाठी १६ यंत्रणांपर्यंत मोफत परवाना देते. ८ जीबी रॅमच्या वापरलेल्या लॅपटॉपवर ‘व्हर्च्युअलबॉक्स’ टाकून त्यात दोन-तीन सर्व्हर चालवता येतात. एक सर्व्हर मुद्दाम बिघडवणे आणि तो बॅकअपवरून परत उभा करणे, हा सराव कोणत्याही क्लासच्या नोट्सपेक्षा मोलाचा आहे. क्लाउडवर सराव करताना मात्र काम संपले की यंत्रणा बंद करून काढून टाकावी. नाही तर मोफत मर्यादा ओलांडून कार्डावर बिल येते.

ही सगळी मूळ कागदपत्रे इंग्रजीत आहेत, हा मराठी माध्यमातील मुलांपुढचा खरा अडसर. तो टाळून मार्ग नाही, पण तो वाटतो तेवढा मोठाही नाही. तांत्रिक इंग्रजीतील शब्द मोजके आणि पुन्हा पुन्हा येणारे असतात. रोज अर्धा तास मूळ पान वाचण्याची सवय लावली तर काही महिन्यांत ते अंगवळणी पडते. त्रुटीचा संदेश वाचून समजणे हे या कामातील निम्मे कौशल्य आहे.

परीक्षा घरून द्यावी की केंद्रावर?

बऱ्याच परीक्षा आता घरूनही देता येतात. त्यासाठी बंद खोली, चालू कॅमेरा आणि अखंड इंटरनेट लागते. परीक्षेच्या वेळी खोलीत कोणी आले तरी परीक्षा रद्द होऊ शकते. पवन मावळात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे होते. एवढे शुल्क भरल्यावर हा धोका पत्करण्यापेक्षा पुण्यातील अधिकृत केंद्रावर जाऊन परीक्षा देणे शहाणपणाचे. पवनानगरहून कामशेतला येऊन लोकल पकडायची असल्याने परीक्षेची वेळ सकाळी लवकरची घेऊ नये, इतकी काळजी पुरते.

‘शंभर टक्के नोकरी’ची हमी खरी मानावी का?

नाही. कोणताही क्लास दुसऱ्या कंपनीतील नोकरीची हमी देऊ शकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. निवडीची खात्री, नोकरीची हमी असे खोटे दावे करण्यास त्यात मनाई आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते.

प्रवेशाआधी चार गोष्टी विचाराव्यात. परीक्षेचे नाव व क्रमांक काय, परीक्षा क्लास घेणार की मूळ कंपनी, शुल्क हप्त्यांत भरता येईल का, आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल. क्लासचे स्वतःचे ‘कोर्स पूर्ण केल्याचे’ प्रमाणपत्र आणि कंपनीचे परीक्षा देऊन मिळवलेले प्रमाणपत्र यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरे प्रमाणपत्र क्रमांकावरून ऑनलाइन पडताळता येते. हप्त्यांच्या नावाखाली मुलाच्या किंवा वडिलांच्या नावे कर्ज काढले जात नाही ना, हेही सही करण्याआधी वाचावे. तसे असेल तर क्लास बंद पडला तरी हप्ते चालूच राहतात.

फुटलेले प्रश्नसंच, ज्यांना ‘डम्प’ म्हणतात, ते वापरून परीक्षा दिल्याचे उघड झाले तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. त्याहून मोठा तोटा म्हणजे मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत उमेदवार उघडा पडतो.

मग पवनानगरच्या तरुणाने निवड कशी करावी?

काळे कॉलनी या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या पवनानगरचा तरुण भौगोलिकदृष्ट्या दोन बाजारांच्या मध्ये आहे. एकीकडे तळेगाव-चाकणचे कारखाने आणि लोणावळ्याची हॉटेले, दुसरीकडे हिंजवडी-पुण्याच्या आयटी कंपन्या. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते, त्याच वाटेने मुलेही नोकरीला जातात. निवड करताना हा प्रवासही हिशेबात धरावा. आयटीतील सपोर्टच्या नोकऱ्यांत रात्रपाळी असते आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत लोकल नसते. कंपनीची गाडी मावळापर्यंत येत नसेल तर खोली भाड्याने घ्यावी लागते आणि पहिल्या पगाराचा मोठा हिस्सा तिथेच जातो. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अनेक घरांत निर्णायक ठरतो. अशा वेळी पगार थोडा कमी असला तरी तळेगावातील दिवसपाळीची नोकरी हा अधिक टिकणारा आरंभ असू शकतो.

दहावी-बारावी झालेल्या, लवकर कमावणे भाग असलेल्या मुलाने आयटीआयचा कोपा किंवा ‘ओ’ स्तर, सोबत नेटवर्कचा मोफत अभ्यास आणि मग डेस्कटॉप सपोर्टची नोकरी किंवा शिकाऊ उमेदवारी असा मार्ग घ्यावा. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये महिना विद्यावेतन ठरवले गेले. अशा योजनेतून संगणक विभागात काम मिळाले तर अनुभवाची पहिली नोंद होते. पहिले मोठे प्रमाणपत्र नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पगारातून घ्यावे. बाहेरून पदवी पूर्ण करण्याचा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला ठेवावा. कारण मोठ्या कंपन्यांत पदवीची अट प्रमाणपत्राने भरून निघत नाही.

बीसीए, बीएस्सी किंवा संगणक पदविका करणाऱ्याने शेवटच्या वर्षात लिनक्स पक्के करून आरएचसीएसए द्यावी आणि सीसीएनएच्या पातळीचे नेटवर्क शिकून ठेवावे. कारखान्यात किंवा संस्थेत राहायचे असेल तर लिनक्सऐवजी विंडोज सर्व्हर आणि एझेड-१०४ हा क्रम घ्यावा. अभियांत्रिकी किंवा एमसीए झालेल्याने सी-डॅकचा विचार करावा.

दोन-तीन वर्षे नोकरी झालेल्याने सध्याच्या कामाला लागून असलेली पुढची एकच पायरी निवडावी. अँसिबल, क्लाउड ॲडमिन किंवा सुरक्षा यांपैकी ज्याचे काम कंपनीत प्रत्यक्ष करायला मिळेल, ती.

निवडीची सर्वांत साधी चाचणी मोबाइलवरच करता येते. ज्या गावात-शहरात नोकरी करायची आहे, तेथील आपल्या पायरीच्या पंचवीस-तीस जाहिराती उघडाव्यात आणि कोणते प्रमाणपत्र किती वेळा आले ते वहीत मांडावे. जे नाव वारंवार येते आणि ज्याचा सराव घरच्या लॅपटॉपवर करता येतो, ते पहिले. बाकीची त्यानंतर.

एआयमुळे हे काम उरेल का?

कामाचा बाज बदलेल. आज्ञावली लिहून देणे, नोंदींतून त्रुटी शोधणे ही कामे एआय साधने झपाट्याने करू लागली आहेत. त्यामुळे नुसत्या आज्ञा पाठ असणाऱ्याची गरज घटेल. पण एआयने सुचवलेली आज्ञा चालू सर्व्हरवर टाकायची की नाही, तिने माहिती पुसली तर परत कुठून आणायची, कारखान्याची पाळी थांबवून दुरुस्ती करायची की रात्रीपर्यंत थांबायचे, हे निर्णय आणि त्यांची जबाबदारी माणसाकडे राहते. क्राउडस्ट्राइकच्या दिवशी बंद पडलेल्या असंख्य संगणकांना दूरवरून हात लावता येत नव्हता.

म्हणूनच करून दाखवायला लावणारे प्रमाणपत्र येत्या काळात अधिक टिकेल आणि फक्त वाचून मिळणारे लवकर मागे पडेल. एका वेळी एकच परीक्षा, तिच्याआधी भरपूर सराव आणि तिच्यानंतर लगेच त्या कामाचा अनुभव, हा क्रम पाळला तर खर्च झालेला पैसा वसूल होतो. उलट भिंतीवर पाच प्रमाणपत्रे असूनही बॅकअप परत आणता येत नसेल, तर पहिल्याच आणीबाणीत ते उघड होते.